ज्ञानोबाचं स्पेलिंग

“लहानेबाई, तेवढं डीचं बघून घ्या,” प्रयागताई म्हणाल्या होत्या. “जी तशीच राहू देऊ नका. पुढं तरास होतो.”

मी तेव्हा अंगणवाडीच्या दारात उकिडवी बसून माझ्या लेकीच्या, रोहिणीच्या डाव्या कानात बघत होते. कान लाल दिसत होता. उजवाही लालच होता, म्हणजे दोन्ही कान मुळात तसेच असावेत, पण खात्री कशी करणार? अंगणवाडीसेविका प्रयागताई सरकारने दिलेला मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभ्या होत्या. त्यांना त्यात रोजची हजेरी आणि दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन, उंची, फोटो असं सगळं भरावं लागायचं.

“कसली जी?” मी विचारलं.

“तुमच्या मालकांच्या नावातली. आपण ज्ञानोबा कसं लिवतो? डी एन वाय. आधारवाल्यानं लिवलं जी वाय. आन् या मोबाइलच्या यादीत नाव पुरं मावत न्हाई. दहाच जागा दिसतात, बाकीचं तुटतं. तुमच्या लेकीचं कसं तरीच दिसायलंय.”

“दिसू द्या हो. एका स्पेलिंगने काय होतंय? तिला तेवढं दारातून आत बसवा. इथे वारं लागतं.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी रोहिणीला पुन्हा दारातच बसवलं. लाल सतरंजीच्या टोकाला, अर्धी उन्हात.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगायला हवं. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईला मूल होतं तेव्हा काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. नखभर मातीत काय काय वाढतं ते मी भिंगाखाली पाहिलेलं. पाणी दोनदा उकळायचे. कोणी रोहिणीचा गाल ओढला की त्या माणसाला ताप आहे का, याचा अंदाज त्याच्या बोटांवरून घ्यायचे. हायवेकडे इंग्रजी नर्सरी होती, पण मी तिला जुन्या टाकीखालच्या अंगणवाडीत घातलं, कारण एकच. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून अंगणवाडीचं दार दिसायचं. पोळी लाटता लाटता मला लेक दिसायची. एक पोळी, एक नजर.

आमचं तालुक्याचं गाव. नगरपरिषदेत दोन आघाड्या. एकीचं चिन्ह कपाट, दुसरीचं इस्त्री. कपाटवाल्यांचे पुढारी अंगदराव भोसीकर, माजी नगराध्यक्ष, साठीचे, कायम घसा खाकरत बोलणारे. इस्त्रीवाल्यांचे बाळूभाऊ टाकळकर, तेव्हाचे नगराध्यक्ष. चिन्ह इस्त्री असल्यामुळे बाळूभाऊंना चुरगळलेला कपडा घालता येत नसे, म्हणून ते सहसा कुठे बसतच नसत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे भर सभेत एकमेकांना चोर ठरवतानासुद्धा दोघे एकमेकांना ‘साडूभाऊ’ म्हणत. तेवढी रीत त्यांनी पाळली होती.

दोन्हीकडची माणसं प्रयागताईंच्या मागे असत. सभेला बायका आणा, फेरीला मुलं आणा. ताईंनी त्यावर एक उपाय काढला होता. बाहेर पुढाऱ्याचा आवाज आला की दार अर्धं लोटायचं आणि आतून शांतपणे म्हणायचं, “कोणी न्हाई.” माणसं खरंच निघून जायची. आत चौतीस मुलं श्वास रोखून बसलेली. मुलांना हा खेळ इतका आवडला की गल्लीत घरोघरी सुरू झाला. रोहिणी तर जेवायला बोलावलं की वाटी तोंडावर पालथी धरून म्हणायची, “मी नाहीये.”

मग तो सोमवार आला.

सकाळी साडेदहाला मी खिडकीतून मोजलं तर दारातून आत अकराच मुलं जाताना दिसली. रोज चौतीस. पुन्हा मोजलं. अकरा. शेजारच्या गल्लीत एका पोराला कांजिण्या आल्याचं मी रविवारी ऐकलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तेवीस मुलं अंगभर फोड घेऊन तेवीस खाटांवर झोपलेली दिसायला लागली. हातातली पोळी करपली. मी मोबाइल घेतला आणि ‘आपला प्रभाग सात’ या ग्रुपवर लिहिलं: ‘अंगणवाडीत आज फक्त अकरा मुले. बाकीची तेवीस कुठे आहेत? कोणाला खरे माहीत असल्यास कळवावे.’

कांजिण्या हा शब्द मी मुद्दाम लिहिला नाही. उगीच लोक घाबरतील म्हणून.

बाकीची तेवीस मुलं इंगळ्यांच्या नातवाच्या जावळाला गेली होती. देवीच्या माळावर, ट्रॅक्टरमध्ये बसून. हे मला दुपारी कळलं. तोवर उशीर झाला होता.

मंगळवारी सकाळी टाकीच्या कठड्यावर कपाटवाल्यांचा फ्लेक्स लागला. वर अंगदराव हात जोडून. खाली मजकूर: ‘चौतीसांचा आहार, अकरांच्या ताटी! तेवीस मुलांची खिचडी कोणाच्या पोटी? बोगस मुलांचा घोटाळा उघड!’ त्याखाली माझा मेसेज जसाच्या तसा छापलेला. नाव मात्र ‘एक जागरूक माता’.

“तू जागरूक आहेस हे छापून आलं शेवटी,” नवरा म्हणाला. तो दूध संघात मशीनवर होता आणि त्याला जगात कशाचीच काळजी वाटत नसे. “मेसेज काढून टाक.”

“काढला. त्यांनी आधीच फोटो काढला होता.”

दुपारपर्यंत समोरच्या खांबावर इस्त्रीवाल्यांचा फ्लेक्स आला. मला वाटलं होतं, बाळूभाऊ म्हणतील की मुलं खरी आहेत, झालं. पण तेवढं म्हणून भागलं तर राजकारण कसलं? त्यांनी लिहिलं होतं: ‘मुले खरी आहेत, पण आपली आहेत का? अंगदरावांच्या काळात आलेले घुसखोर आपल्या लेकरांची खिचडी खात आहेत! कागद तपासा, घुसखोर हटवा!’

म्हणजे गावात आता दोन पक्ष झाले. एकाचं म्हणणं, ही मुलं नाहीतच. दुसऱ्याचं म्हणणं, आहेत पण बाहेरच्या देशातून आलीत. मधल्या मधे मुलं लाल सतरंजीवर बसून ठोकळे चघळत होती. मी ते ठोकळे रोज घरी आणून पुसायचे.

बुधवारी प्रयागताईंना नोटीस आली. शुक्रवारी अकरा वाजता पर्यवेक्षिका मॅडम येऊन पंचनामा करणार. यादी आणि मुलं जुळली नाहीत तर ताईंची सेवा समाप्त, आणि मुलं हायवेपलीकडच्या अंगणवाडीत. ताईंची निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. नवरा नाही, मूलबाळ नाही, टाकीमागे एक खोली. बावीस वर्षं त्यांनी गल्लीतल्या पोरांची नाकं पुसलेली, त्यातली काही पोरं आता फ्लेक्स लावत होती.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

“प्रयागताई, तो मेसेज कोणी टाकला असेल हो?” मी विचारलं. असं विचारायचं काहीच कारण नव्हतं.

त्यांनी एक खडा बाजूला टाकला. “असंल कुणी तरी. ग्रुपवर लई लोक हायेत.”

“आता काय करायचं?”

“लेकरं गोळा करायची. शुक्रवारी चौतीसच्या चौतीस दिसली पायजेत. दुसरं काय?”

लेकरं गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. गुरुवारी घरोघरी फिरले. कधी नाही ते लोकांच्या घरात पाणी प्यायले, तेही न उकळलेलं. इंगळ्यांचा नातू जावळ काढल्यामुळे ओळखूच येत नव्हता. त्याची आजी म्हणाली, “फोटोतल्यासारखा दिसंना तर लोक बोगस म्हणतील का गं बाई?” मी म्हणाले, टोपडं घाला. त्यानंतर मला वाटलं, टोपड्यामुळे संशय वाढेल. मी परत जाऊन सांगितलं, टोपडं नको. त्या रागाने दार लावता लावता म्हणाल्या, “एकदाच काय ते ठरव.”

शुक्रवारी साडेदहापर्यंत तेहेतीस मुलं जमली. चौतिसावी रोहिणी. तिला मीच आणली, हाताशी तिची फाइल घेऊन. जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, माझ्या सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं प्लॅस्टिकमध्ये. तिला प्रयागताईंनी नेहमीसारखं दारात बसवलं. आज तरी आत बसवा, असं मला म्हणायचं होतं, पण तेवढ्यात गाड्या आल्या.

पर्यवेक्षिका कुंभारीकर मॅडम रिक्षातून उतरल्या. अंगदराव दहा माणसांसह आले. बाळूभाऊ बारा माणसांसह, बरोबर हवालदार नागरगोजे. हवालदार सहा फुटी आणि थकलेले. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि मुलांना म्हणाले, “रामराम.” मुलांनी एका सुरात “रामराम” केलं.

मॅडमनी मोजायला सुरुवात केली. मुलं एका जागी बसेनात म्हणून तीनदा मोजावं लागलं. एकदा छत्तीस भरली, कारण शेजारची दोन आपणहून येऊन बसली होती. शेवटी चौतीस.

“चौतीस,” मॅडमनी कागदावर लिहिलं.

अंगदरावांनी घसा खाकरला. “ही भाड्यानं आणलीत मॅडम.”

“साडूभाऊ, आता तरी कबूल करा,” बाळूभाऊ म्हणाले. ते बसले नव्हतेच. “मुलं हायेत. माझं म्हणणं एवढंच हाये की आपली न्हाईत.”

“न्हाईतच म्हणलं तर आपली न् परकी कुठून आली साडूभाऊ?”

“हायेत म्हणून तर परकी हायेत ना.”

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “साहेब, दोघं मिळून काय ते एक ठरवा. नसलेल्या लेकराला हाकलायचं कसं? मला वर कागद द्यावा लागतो.”

“यादी आणा,” बाळूभाऊ म्हणाले.

प्रयागताईंनी मोबाइल दिला. बाळूभाऊंनी एकेक नाव मोठ्याने वाचायला घेतलं. यादी इंग्रजीत, कोणाच्या नावापुढे आडनाव, कोणाच्या वडिलांचं नाव, तीही अर्धी तुटलेली, त्यामुळे वाचन अडखळतच चाललं होतं. समर्थ इंगळे होता, तो समर्थ इं झाला. श्रावणी डोईफोडे होती, ती श्रावणी डी झाली. मी फाइल छातीशी धरून दारात उभी होते. मनात म्हणत होते, आता सगळं नीट होतंय, उगीच काळजी करते मी.

बाळूभाऊ थांबले. मोबाइल डोळ्यांजवळ नेला. लांब नेला.

“आर ओ एच आय एन आय,” ते एकेक अक्षर म्हणू लागले, “जागा सोडली, जी वाय ए.” त्यांनी मान वर केली. “रोहिन... ग्या. रोहिंग्या.”

माझ्या हातातली फाइल खाली पडली.

“हवालदार, बघा,” बाळूभाऊ अत्यंत हळू आवाजात म्हणाले. माणसाला खरोखर आनंद झाला की तो हळूच बोलतो. “नावच लिवलंय. लपवायची बी लाज वाटली न्हाई यांना.”

“दाखवा, दाखवा,” अंगदरावांनी चष्मा चढवला. वाचलं. त्यांचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. “हेच तर मी म्हणतोय साडूभाऊ. असं नाव कुठं असतं व्हय? हे बनावट नाव हाये. हे मूलच न्हाई.”

“हे मूल हाये.”

“न्हाई.”

“कुठंय ते?” हवालदारांनी विचारलं.

चौतीस मुलांनी दाराकडे बोट दाखवलं. तेहेतीस म्हणायला हवं, पण रोहिणीनेही स्वतःकडे दाखवलं. मग इतकी माणसं आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर तिने खिचडीची रिकामी वाटी उचलली, तोंडावर पालथी धरली आणि आतून म्हणाली, “मी नाहीये.”

“घ्या,” अंगदराव म्हणाले. “सोताच सांगायली.”

हवालदार तिच्यासमोर खाली बसले. गुडघे वाजले. “बाळ, कुठली गं तू?”

“मी नाहीये.”

“बरं. पण नसताना कुठं राहतीस?”

बाळूभाऊंनी खिशातून दुसरा मोबाइल काढला. “अशानं कळणार न्हाई. आमच्या ग्रुपवर ओळखायची खूण आलीय. ही लोकं ‘मी’ला ‘आमी’ म्हणत्यात. भाषेवरनं पकडायचं.” ते मुलांकडे वळले आणि गोड आवाज काढला. “लेकरांनो, खिचडी कोण खातं?”

“आमीऽऽ,” चौतीस मुलं ओरडली. वाटीसुद्धा.

बाळूभाऊंनी हवालदारांकडे असं पाहिलं जसं काही सीमा त्यांच्या डोळ्यांसमोर ओलांडली गेली होती.

“साहेब,” हवालदार म्हणाले, “आमी बी आमीच म्हणतो.”

“तुमचं वेगळं. आमी काय म्हणतो ते नीट समजून...” बाळूभाऊंचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांच्या बारा माणसांपैकी दोघं दुसरीकडे बघायला लागली.

सगळे हसले असते आणि विषय संपला असता. पण कुंभारीकर मॅडम हसल्या नाहीत. त्यांना कागद पुरा करायचा होता. “प्रयागबाई,” त्यांनी पेन थांबवून विचारलं, “हे नाव कोणी भरलं?”

“मीच.”

“असं अर्धवट? आणि पालकांना दुरुस्ती सांगितली नाही? तसं असेल तर हा तुमचा निष्काळजीपणा होतो. एवढा गोंधळ झालाय, मला तसं लिहावं लागेल. आणि तेवढं कारण पुरेसं आहे.”

प्रयागताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि लगेच चुलीवरच्या पातेल्याकडे. “सांगायचं राहून गेलं असंल मॅडम,” त्या म्हणाल्या. “वय झालं. ध्यानात राहत न्हाई.”

मला अजून तो क्षण आठवतो. माणसं एवढी आणि सगळी माझ्या पाठीमागे. मी जन्मात कधी चार माणसांत बोलले नव्हते, वर्गात हजेरीलासुद्धा हात वर करायचे. त्या दिवशीही मी हात वर केला.

“मॅडम.”

“बोला.”

“त्यांनी सांगितलं होतं. मला. डी करून घ्या म्हणून. मी ऐकलं नाही.” बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. “मी हिची आई. सुचेता लहाने. आणि सोमवारचा तो मेसेजसुद्धा माझाच आहे. ती जागरूक माता मी.”

अंगदराव चमकले. “म्हणजे घोटाळ्याच्या तक्रारदार तुमी?”

“मी घोटाळ्याचं विचारतच नव्हते. मला वाटलं मुलांना कांजिण्या आल्यात.”

“कांजिण्या?” दोन्ही साडू एकदम म्हणाले, आणि दोघे एकदमच एकेक पाऊल मागे सरकले. अंगदरावांनी उपरणं नाकाला लावलं. त्यांना लहानपणी आल्या नव्हत्या, हे नंतर कळलं.

“आल्या नाहीत. सगळे जावळाला गेले होते.” मी इंगळ्यांचा नातू पुढे केला. त्याच्या तुळतुळीत डोक्यावर ऊन पडलं होतं. मॅडमनी ते पाहून घेतलं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “पण मला पूर्ण नाव दिसायला पाहिजे. तुमची फाइल ही फाइल झाली. मोबाइलमध्ये काय आहे?”

“नावावर बोट ठेवलं की पुरं नाव उघडतं मॅडम,” प्रयागताई म्हणाल्या. “पण या कार्डाला खाली रेंज न्हाई. रेंज टाकीवर येती.”

“टाकीवर?”

“शिडीच्या सातव्या पायरीपासून. मी तितूनच भरते रोज.”

पन्नाशी ओलांडलेली बाई रोज लोखंडी शिडीच्या सात पायऱ्या चढून आमच्या मुलांची हजेरी, वजनं सरकारला कळवत होती. खिडकीतून मला अंगणवाडीचं दार दिसायचं. शिडी टाकीच्या पलीकडच्या बाजूला होती, ती कधी दिसलीच नाही.

हवालदारांनी गुडघ्यांकडे बोट दाखवून नकार दिला. अंगदराव म्हणाले, नसलेल्या मुलासाठी मी का चढू? मग बाळूभाऊच निघाले, कारण त्यांच्या माणसांनी फोटो काढायला मोबाइल वर केले होते. पहिल्या पायरीवर गंज लागला. तिसरीवर बाही अडकली. सातवीवर पोहोचेपर्यंत त्यांचा सदरा इतका चुरगळला होता की आघाडीचं चिन्ह बदलावं लागेल असं अंगदराव हळूच म्हणाले.

“आली का रेंज?” खालून मॅडमनी विचारलं.

“गोल फिरायलंय.”

आम्ही सगळे मान वर करून उभे. आया पोरं कडेवर घेऊन बाहेर आल्या होत्या. इंगळेआजी टोपडं घेऊन आल्या होत्या, लागलं तर असावं म्हणून. रोहिणीने वाटी थोडी खाली घेऊन एक डोळा बाहेर काढला.

“उघडलं,” वरून आवाज आला. “रोहिणी... लांबलचक हाये... जी वाय ए एन...” त्यांनी जोर लावून वाचलं, “ग्यानो... ज्ञाऽनोऽबाऽ.”

“तुकारामऽऽ,” खालून सगळी गल्ली म्हणाली.

कोणी ठरवून म्हटलं नाही. आया म्हणाल्या, हवालदार म्हणाले, कपाटवाले म्हणाले, इस्त्रीवाले म्हणाले. अंगदरावांनी तर टाळीही वाजवली आणि मग हात मागे घेतले. वरून ज्ञानोबा आल्यावर खालून दुसरं काही म्हणताच येत नाही, ते आपोआप निघतं. सातव्या पायरीवर बाळूभाऊंनीही सवयीने कपाळाला हात लावला, त्या नादात तोल गेला आणि ते शिडीला घोरपडीसारखे चिकटले.

“झाली चौकशी,” हवालदार नागरगोजे म्हणाले. “मला दुसरा पुरावा नको.”

मॅडमनी पंचनामा वाचून दाखवला. मुले चौतीस, सर्व प्रत्यक्ष हजर. नोंदी खऱ्या. सेविकेने पालकास दुरुस्ती वेळेत सुचवली होती. आपण म्हणाल कथेसाठी वाढवते आहे, पण शेवटची ओळ होती: ‘एक बालिका आपण हजर नसल्याचे सांगते, तथापि तिने दोन वेळा खिचडी घेतली.’

शनिवारी दोन नवे फ्लेक्स लागले. एकावर, ‘बोगस मुलांचा शोध: आमच्या पाठपुराव्याला यश’. दुसऱ्यावर, ‘एकही घुसखोर नाही: आमच्या पाठपुराव्याला यश’. दोन्ही आठ दिवसांनी उतरवले गेले. प्रयागताईंनी ते मागून घेतले. दोन्ही सतरंजीखाली अंथरले, ओल येऊ नये म्हणून. वर्षभर गल्लीतली पोरं दोन्ही साडूंवर बसून अक्षरं गिरवत होती.

त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर मी पातेलं घासायला मागे थांबले होते. त्यांनी घासू दिलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले. “मेसेज माझा आहे ते.”

“नंबर दिसतो की माय ग्रुपवर.”

“मग मॅडमसमोर का नाही सांगितलंत? नोकरी गेली असती तुमची.”

त्यांनी राखेचा बोळा माझ्याकडे सरकवला. “तू घाबरट हायेस. घाबरट माणसाला चारचौघांत उभं करू नये. त्याचं त्याला उभं राहू द्यावं. राह्यलीस की.”

“आणि राहिले नसते तर?”

“तर गेली असती नोकरी.” त्यांनी पातेलं उन्हात पालथं घातलं. मग काही तरी आठवल्यासारख्या म्हणाल्या, “आन् ते वाऱ्याचं रोज म्हणायचीस ना, दारात कामून बसवता म्हणून? आतल्या भिंतीला बसवली असती तर तुझ्या खिडकीतून दिसली नसती. मी एकदा आत बसवून बघितलं होतं. तू खिडकीत अर्धा घंटा टाचा उंच करून उभी. पोळ्यांचा धूर गल्लीत. म्हणलं, राहू दे बाई दारात. माय तरी जेवंल नीट.”

मी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

पुढे रोहिणीच्या बाबांची बदली झाली, आम्ही पुण्याला आलो. डी करून घेतला. रोहिणी आता पाचवीत आहे आणि तिला वाटीची गोष्ट सांगितली की ती चिडते. प्रयागताई निवृत्त होऊन त्याच खोलीत राहतात. दर रविवारी मी फोन करते, त्या शिडीवरून तीन वाक्यं बोलतात आणि पैसे कशाला वाया घालवतेस म्हणून ठेवून देतात. फोन आता फुकट असतो, हे त्यांना पटत नाही.

गेल्या रविवारी फोन उचलला नाही. सोमवारी, मंगळवारी, आजही नाही. इंगळ्यांचा जुना नंबर बंद आहे. रेंज नसेल. सात पायऱ्या आता चढवत नसतील. नवरा म्हणतो, तू उगीच काळजी करतेस, आणि बहुतेक तो बरोबर आहे, तो नेहमीच असतो. रोहिणीची परीक्षा आहे, शनिवारशिवाय मला निघता येत नाही. आणि माझ्या इथल्या खिडकीतून समोरचं पार्किंग दिसतं.

म्हणून लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला असाल, तर जुन्या टाकीच्या मागे, इंगळ्यांच्या शेजारी, निळ्या दाराची एक खोली आहे. जरा जाऊन याल? दार वाजवा. आतून “कोणी न्हाई” असं येईल. ते आलं तर फार बरं. पण परत फिरू नका. तिथेच उभे राहा आणि विचारा, जेवलात का.